तालुका न्यायालयातील न्यायाधीशाची नोकरी: जबाब, बोर्ड आणि बदल्या

माळढोक

माझी भाची यंदा विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि न्यायिक सेवेची परीक्षा द्यायचे तिच्या मनात आहे. मागच्या महिन्यात घरी आली असताना तिने मला विचारले, "मामा, तुम्ही एकतीस वर्षे दिवसभर नेमके करत काय होतात?" 'निकाल देत होतो' या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि मी विचार करू लागलो तसे माझेही होईना. वेळेचा हिशेब मांडला तर निकालपत्रे लिहिण्यात गेलेला काळ हा माझ्या नोकरीतला लहान भाग होता. मोठा भाग गेला तो साक्षीदार जे सांगतो आहे ते नीट ऐकून त्याच्याच अर्थाने कागदावर उतरवण्यात. तिला जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो; या वाटेचा विचार करणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा.

मी १९८८ साली दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथमवर्ग म्हणून रुजू झालो आणि २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीश म्हणून वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झालो. पहिल्या पदाच्या लांबलचक नावातच कामाचे स्वरूप आहे. लहान तालुक्यात एकच न्यायाधीश दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही बोर्डे, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या याद्या, चालवतो. खुर्ची तीच, पुकारा करणारा शिपाई तोच. पण दिवसाच्या एका भागात समोर पोलिसांनी आणलेला आरोपी उभा असतो आणि दुसऱ्या भागात वाटपाच्या दाव्यात एकमेकांचे तोंड न पाहणारे सख्खे भाऊ. दंडाधिकारी म्हणून त्याला ३ वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा देता येते. दंडाची मर्यादा मी रुजू झालो तेव्हा ५,००० रुपये होती, पुढे ती १०,००० झाली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ५०,००० रुपये आहे; सामुदायिक सेवेची शिक्षाही आता तिथे आली आहे.

कायदे बदलले तसे बोर्डही बदलले. मी रुजू झालो तेव्हा धनादेश न वटल्याबद्दलचे कलम १३८ अस्तित्वात नव्हते. ते १ एप्रिल १९८९ पासून अंमलात आले, आणि नोकरीच्या उत्तरार्धात मी ज्या ज्या फौजदारी न्यायालयाची तपासणी केली तिथे या खटल्यांचे गठ्ठे कपाटाबाहेर आलेले पाहिले. २००६ च्या ऑक्टोबरपासून कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज येऊ लागले. दिवाणी बाजूला मात्र वाटप, ताबा, मनाई हुकूम आणि वहिवाटीचा रस्ता हेच विषय पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होते. आपल्याकडच्या कोणत्याही न्यायालयात 'निशाणी ५' म्हटले की तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे वकिलाच्या कारकुनापासून पक्षकारापर्यंत सगळ्यांना कळते. पुष्कळ दाव्यांचे भवितव्य त्या अर्जावरच्या आदेशाने प्रत्यक्षात ठरून जाते, कारण पुढचा अंतिम निकाल येईपर्यंत जमीन कोण कसणार हे तिथे ठरलेले असते.

आता जबाबाविषयी. माझ्या दुसऱ्या नेमणुकीच्या गावी बांधाच्या अतिक्रमणाचा एक दावा चालू होता. शेजारच्या शेतातल्या एक वृद्ध बाई साक्षीला आल्या. त्या म्हणाल्या, "दरसाल एक तास बांध कोरत आलेत." मी लघुलेखकाला सांगितले, "प्रतिवादीने वादीच्या जमिनीत अतिक्रमण केले आहे." वाक्य नीटनेटके होते, कायद्याच्या भाषेत होते, आणि दोन्ही वकिलांनी हरकत घेतली नाही. जबाब संपल्यावर नियमाप्रमाणे तो बाईंना वाचून दाखवला. त्या वाक्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "साहेब, हे मी नाही सांगितलं. मी म्हटलं, दरसाल एक तास."

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. भरल्या न्यायालयात एका निरक्षर बाईने माझी चूक काढली याचा क्षणभर रागही आला. पण त्यांचेच बरोबर होते. तास म्हणजे नांगराची एक ओळ. अतिक्रमण चौदा वर्षांपूर्वी एकाच वेळी झालेले असेल तर १२ वर्षांच्या मुदतीचा आणि प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे इतकी वर्षे उघडपणे कबजा असल्याने जमीन आपलीच झाली असा, बचाव प्रतिवादीला घेता येत होता, आणि त्याच्या वकिलांनी तो घेतलाही होता. दरवर्षी एकेक तास असे होत आले असेल तर जमिनीच्या प्रत्येक पट्टीचा काळ वेगळा धरावा लागतो. माझ्या सुबक वाक्याने त्या बाईंच्या साक्षीतला सगळा काळ पुसून टाकला होता. मी ते वाक्य खोडले, त्यांचे शब्द जसेच्या तसे घातले, दुरुस्तीवर सही केली, आणि पुढे मोजणीसाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन न्यायालयाला अहवाल देणारा माणूस, नेमला. त्या दिवसापासून साक्षीदाराचा महत्त्वाचा शब्द मी कधी बदलला नाही.

१९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली तेव्हा अनेक सहकाऱ्यांना निकालपत्र मराठीत लिहिणे जड गेले, मलाही गेले. परंतु मराठीचा खरा लाभ निकालपत्रापेक्षा जबाबात आहे असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय यांनी त्या बाईंना कधीच पाहिलेले नसते. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त आमचा कागद. साक्षीदार उत्तर देताना अडखळला, वकिलाकडे पाहून बोलला, तर त्याच्या वर्तनाची नोंद करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेने त्या न्यायाधीशाला दिला आहे. तो वापरणारे मी फार थोडे पाहिले.

दुसरी गोष्ट रिमांडची, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवायचे की नाही या आदेशाची. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते, मग तो रविवार असो की दिवाळीचा पाडवा. अशा एका रविवारी संध्याकाळी माझ्या निवासस्थानाच्या ओट्यावर चोरीच्या गुन्ह्यातला एक तरुण आणला गेला. कागद व्यवस्थित होते, सात दिवसांची पोलीस कोठडी मागितली होती. "काही तक्रार आहे का?" असे विचारल्यावर त्याने मान हलवून नाही म्हटले. मी पोलिसांना फाटकाबाहेर, आवाज ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभे केले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो काही बोलला नाही. त्याने चप्पल काढली आणि तळवा दाखवला. मी पाहिलेले शब्दांत नोंदवले, वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला आणि पोलिसांच्या ताब्यात न देता कोठडी न्यायालयीन, म्हणजे तुरुंगातली, केली. त्या वेळी २०१४ चा अर्नेश कुमार प्रकरणातला निकाल आलेला नव्हता. त्या निकालाने दंडाधिकाऱ्याने यांत्रिकपणे कोठडी मंजूर करू नये हे बजावून सांगितले. पण अटकेच्या कागदावर सही करण्यापूर्वी माणसाकडे पाहायचे, हे काम त्याआधीही आमचेच होते.

भाचीला मी एवढेच सांगितले. अजून विचारण्यासारखे पुष्कळ असेल, तर जरूर विचारावे.

नवी_सनद

सर, लेखाबद्दल मनापासून आभार. मी याच वर्षी पदवी घेतली आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली तेव्हा मी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेची तयारी करत होते. पूर्वपरीक्षेचे १००, मुख्य परीक्षेच्या दोन प्रश्नपत्रिकांचे २०० आणि मुलाखतीचे ५० गुण, असा सगळा आराखडा मी दोन वर्षांपूर्वीच भिंतीवर लावला होता. ही अट मला अन्यायकारक वाटली हे मी लपवत नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीला तीन वर्षे कुणाच्या तरी कार्यालयात जवळजवळ बिनपगारी काढता येतीलच असे नाही, आणि तोपर्यंत घरचे लोक लग्नाचा विषय काढल्याशिवाय राहत नाहीत. आपण स्वतः वकिली करून आलात. त्या वर्षांनी खरोखर काही दिले का, की ती केवळ गेली?

कैफियत

मी सव्वीस वर्षे एका तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस करतो. ही अट काही नवी नाही. १९९३ च्या निकालाने ती आली होती, न्यायमूर्ती शेट्टी आयोगाच्या (पहिल्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या) शिफारशीनंतर २००२ मध्ये काढली गेली, आणि आता परत आली. मधल्या दोन दशकांत थेट महाविद्यालयातून आलेले अनेक न्यायाधीश मी पाहिले. कायदा त्यांना आमच्यापेक्षा चांगला पाठ होता. अडचण दुसरीकडे होती. पक्षकार नसताना वकिलाने पुर्सिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दिली तर ती कधी स्वीकारावी, साक्षीदार हजर असताना मागितलेली तारीख कधी खरी अडचण असते आणि कधी विरुद्ध बाजूला थकवण्याचा डाव असतो, समन्स 'घर बंद' म्हणून परत आले तर समन्स बजावणाऱ्या बेलिफाच्या अहवालावर कितपत विसंबावे, हे पुस्तकातून कळत नाही. एका तरुण न्यायाधीशांनी पहिल्याच आठवड्यात एकाही प्रकरणात तारीख न देण्याचा निश्चय केला होता. तिसऱ्या दिवशी ज्याच्या विरोधात पुरावा बंद झाला, म्हणजे साक्षीपुरावा देण्याची संधी संपवली गेली, तो पक्षकार आदल्या रात्री वडिलांचे निधन झालेला निघाला. आदेश अर्थात मागे घेतला गेला आणि त्या न्यायाधीशांनाही त्याचे फार वाईट वाटले; पुढे ते उत्तम न्यायाधीश झाले.

तरीही नवी सनद यांची पैशाची अडचण खरी आहे. ज्येष्ठ वकील कनिष्ठांना जगण्यापुरतेही मानधन देत नसतील तर ही अट ज्यांच्या घरी वकिलीची परंपरा आहे त्यांनाच सोयीची ठरेल. याचे उत्तर आम्हा वकिलांनीच द्यायला हवे.

माळढोक

कैफियत यांच्याशी मी सहमत आहे, पण त्यात थोडी भर घालतो. माझ्या वकिलीच्या चार वर्षांत मी एकही मोठा खटला लढलो नाही. मी शिकलो ते साक्षीदाराला न्यायालयात आणण्याआधी तो किती घाबरलेला असतो हे. वकिलाच्या बाकावरून पाहिल्याशिवाय ते डायसवरून दिसत नाही, कारण डायसवर बसलेल्यासमोर तो आधीच गप्प झालेला असतो.

नवी सनद, निकालात एक सवलत आहे ती लक्षात ठेवा. तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची आहेत, अखिल भारतीय वकिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे, आणि न्यायाधीशाकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. आर्थिक बाजूचे म्हणाल तर दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर या पदाचे मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होते. आमच्या सुरुवातीच्या काळाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत कपाटाच्या आडोशाला बसून निकालपत्रे लिहिणारे न्यायाधीश माझ्या पिढीने पाहिले आहेत.

लघुलिपी

मी न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली, म्हणजे माळढोक सरांनी वर्णन केलेल्या प्रसंगात टंकलेखन यंत्रामागे बसलेला माणूस मी होतो असे समजा. एकूण चौदा न्यायाधीशांकडे काम केले. नवे साहेब आले की आम्हा कर्मचाऱ्यांना ते कसे आहेत हे पहिल्या जबाबातच कळायचे. काही जण वकिलाचा प्रश्न आणि साक्षीदाराचे उत्तर एकत्र करून सलग वाक्य सांगत. उदाहरणार्थ, वकील विचारी, "तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता, बरोबर?" साक्षीदार म्हणे, "बरोबर, पण संध्याकाळी आलो होतो." कागदावर येई, "मी त्या दिवशी गावात नव्हतो हे खरे आहे." संध्याकाळ गेली! मी टंकलेखक, मला बोलण्याचा अधिकार नव्हता. परंतु एका साहेबांनी मला सांगून ठेवले होते की, तुम्हाला काही राहिले असे वाटले तर नुसते हात थांबवा, मी समजून घेईन. त्यांच्याकडे तीन वर्षांत माझे हात कितीतरी वेळा थांबले असतील, आणि प्रत्येक वेळी त्यांनी साक्षीदाराला पुन्हा विचारले.

आता संगणकाच्या पडद्यावर जबाब उमटताना दोन्ही वकिलांना दिसतो. ही मोठी सुधारणा आहे. साक्षीदारालाही तो दिसेल अशी पडद्याची जागा सर्वत्र असावी असे मला फार वाटते.

गट_नंबर

इथे सर्व जण न्यायाधीशांच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून पक्षकाराची बाजूही मांडतो. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा माझ्या वडिलांनी लावला. त्या दाव्यात सहा न्यायाधीश बदलले. ज्या साहेबांनी वडिलांची साक्ष ऐकली त्यांनी निकाल दिला नाही, आणि ज्यांनी निकाल दिला त्यांनी वडिलांना पाहिले नाही, कारण तोपर्यंत वडील राहिले नव्हते. निकाल आमच्या बाजूने लागला त्याला नऊ वर्षे झाली. प्रत्यक्षात हिस्सा अजून हातात नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद फिरत आहेत. न्यायाधीश कितीही काळजीपूर्वक जबाब लिहोत, माझ्या वडिलांना त्याचा काय उपयोग झाला? हा प्रश्न मी रागाने नव्हे, पण मनापासून विचारतो आहे.

माळढोक

गट नंबर, तुमच्या वडिलांना निकाल पाहता आला नाही याचे मला दुःख आहे, आणि हे शब्द मी उपचार म्हणून लिहीत नाही. तुमच्यासारख्या दाव्यांत माझेही हात होते. काही मी अर्धवट सोडून बदलीच्या गावी गेलो.

आधी निकालानंतरचे सांगतो, कारण ते पक्षकारांना बऱ्याचदा कुणी समजावून सांगत नाही. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला की प्रत्यक्ष सरसनिरस वाटप, म्हणजे जमिनीचा कस पाहून केलेली विभागणी, न्यायालय करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसील कार्यालय, तिथून मोजणी. न्यायाधीशाच्या नोंदीत दावा निकाली निघालेला असतो आणि पक्षकाराच्या आयुष्यात तो तिथे नव्याने सुरू होतो. ही दरी मला कायम खटकली. मी एका ठिकाणी असे पाठवलेले हुकूमनामे एका वहीत लिहून दर तीन महिन्यांनी स्मरणपत्रे पाठवण्याची पद्धत सुरू केली होती, तिने काही प्रकरणे हलली. माझ्यानंतर ती वही बंद झाली. तुमच्या वकिलांना सांगून न्यायालयाकडून अहवाल मागवण्याचा अर्ज जरूर द्या.

आता बदल्या. सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी, उन्हाळी सुट्टीच्या सुमारास बदली होते. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक मिळत नाही. कारण उघड आहे: गावात रुजलेल्या न्यायाधीशाचे लागेबांधे तयार होतात, निदान तसे लोकांना वाटते, आणि न्यायालयाच्या बाबतीत वाटणेही महत्त्वाचे असते. मी या नियमाच्या विरोधात नाही. परंतु ज्या दाव्यात पुरावा पूर्ण झाला आहे आणि फक्त युक्तिवाद राहिला आहे, तो सोडून जाण्यापूर्वी संपवण्यासाठी शेवटचे दोन महिने मोकळे ठेवायला हवेत. प्रत्यक्षात त्या दोन महिन्यांत काय होते ते मला माहीत आहे. न्यायाधीशाचे काम मोजण्यासाठी प्रकरणनिहाय युनिट ठरलेली असतात, महिन्याचा तक्ता वर पाठवावा लागतो, आणि वर्षाच्या गोपनीय अहवालात त्याचा हिशेब येतो. जाडजूड वाटपाच्या दाव्याला हात घालण्याऐवजी झटपट संपणारी प्रकरणे काढण्याचा मोह होतो. मलाही झाला आहे. मोजमाप नसावे असे मी म्हणत नाही, कारण मोजमाप नसताना काही जण काहीच करत नसत हेही मी पाहिले. मात्र तीस साक्षीदारांचा जबाब शब्दशः नोंदवणाऱ्याचे श्रम त्या तक्त्याला दिसत नाहीत.

आणि माणसांची कमतरता तर आहेच. विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितले होते की, १० लाख लोकांमागे १०.५ न्यायाधीश आहेत ते ५० करावेत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी मुदतही घालून दिली. आज आपण त्या आकड्याच्या निम्म्यावरही नाही, आणि देशातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत ४ कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत.

तिसरी_शाळा

माझे वडील न्यायाधीश होते. माझ्या नावातच उत्तर आहे: सातवीपर्यंत तीन शाळा, दहावीपर्यंत पाच. बदल्यांविषयी सरांनी न्यायालयाच्या बाजूने लिहिले, मी घराच्या बाजूने लिहिते. नव्या गावात आमच्या घरी कुणी येत नसे आणि आम्ही कुणाकडे जात नसू. वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचे तर वडील आधी तिच्या वडिलांचे आडनाव विचारत आणि त्या नावाचे प्रकरण बोर्डावर आहे का ते आठवून पाहत. एकदा किराणा दुकानदाराने पैसे घ्यायला नकार दिला, तर आईने सगळे सामान तिथेच ठेवले आणि त्या महिन्यात आम्ही दुसऱ्या टोकाच्या दुकानातून सामान आणले. त्या वेळी मला याचा फार राग येई. वडिलांना एकही मित्र नव्हता, आणि निवृत्तीनंतर मित्र कसे करायचे हे त्यांना शिकावे लागले.

नवी सनद, तुम्ही हे पद जरूर मिळवा. पण ही नोकरी घरातल्या सगळ्यांना करावी लागते, हे घरच्यांना आधी सांगा.

जुनी_दप्तरे

बदल्यांचा विषय निघाला म्हणून. महादेव गोविंद रानडे यांची आठवण आपण समाजसुधारक आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून ठेवतो. त्यांचे पोट मात्र याच नोकरीवर होते. १८७१ मध्ये ते पुण्यात प्रथमवर्ग दुय्यम न्यायाधीश झाले. पुण्यातल्या त्यांच्या सार्वजनिक कामाकडे सरकार संशयाने पाहू लागले आणि १८७८ मध्ये त्यांची नाशिकला, तर वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. पुढे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी झालेल्या १८७९ च्या कायद्याखाली त्यांनी गावोगाव फिरून दुय्यम न्यायालयांचे काम तपासले, आणि १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवलेल्या कुणब्याचे म्हणणे त्यांनी न्यायालयात वर्षानुवर्षे ऐकलेले होते, म्हणून त्यांच्या अर्थशास्त्राला पाया आहे, असे माझे मत आहे. बदलीने माणसाला शिक्षा करता येते हे तेव्हापासून दिसते; म्हणूनच राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ ने हे नियंत्रण शासनाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिले, ही फार मोठी गोष्ट आहे.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडची न्यायालयेही मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकाराखाली येतात, पण वाटपाचे स्वरूप निराळे आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेली इन्व्हेंटरीची प्रक्रिया इथे चालते: मालमत्तेची यादी, वारसांची यादी, आणि गरज पडली तर वारसांमध्येच बोली. शब्द जसाच्या तसा नोंदवण्याचा मुद्दा आमच्याकडे अधिकच अवघड होतो, कारण साक्षीदार कोंकणीत बोलतो आणि कागद इंग्रजीत तयार होतो. माळढोक यांच्या बाईंचा 'तास' आमच्याकडे दोनदा हरवला असता.

कैफियत

सर, एक राहून गेले. तरुण न्यायाधीशांना तक्रारींची भीती वाटते, ती कितपत खरी आहे? जामीन दिला की निनावी अर्ज जातो, नाकारला की वकील मंडळी नाराज होतात. अशा भीतीपोटी जामिनाचे साधे अर्जही वर ढकलले जातात असे आम्हाला दिसते.

माळढोक

भीती खरी आहे, आणि तिचा परिणाम तुम्ही म्हणता तसाच होतो. माझ्याविरुद्ध सेवाकाळात तीन निनावी अर्ज गेले. तिन्हींची चौकशी झाली, काही निघाले नाही, परंतु त्या प्रत्येक काळात आदेश लिहिताना पेन जड झाले होते हे मान्य करायला हवे. १९८८ मध्येच ईश्वर चंद जैन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रामाणिक न्यायाधीशाला असंतुष्ट वकिलांच्या तक्रारींपासून जपणे हे उच्च न्यायालयाचे कर्तव्य आहे. २०१९ मध्ये कृष्ण प्रसाद वर्मा प्रकरणात पुन्हा म्हटले की, केवळ आदेश चुकला म्हणून शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. हेतू वाईट असल्याचा आधार हवा. हे दोन्ही निकाल नव्या न्यायाधीशाने हाताशी ठेवावेत.

शारीरिक धोक्याचेही सांगतो. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातेत नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी बेड्या घालून दोराने बांधले. मी तेव्हा सेवेत नवा होतो. बातमी आली त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातले सगळे न्यायाधीश नेहमीसारखे बोर्डावर बसले, पण दुपारच्या सुट्टीत कुणाच्याही तोंडून शब्द निघेना. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलीस अधिकाऱ्यांना अवमानाबद्दल शिक्षा केली आणि न्यायाधीशाला अटक करायची वेळ आल्यास काय करावे याचे नियम घालून दिले.

एका शब्दाविषयीही मला समाधान आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कार्यालयाला सांगितले की, खटला चालवणाऱ्या न्यायालयाच्या कागदपत्रांना 'खालच्या न्यायालयाचे' कागद म्हणू नये. एकतीस वर्षे आम्ही स्वतःसुद्धा स्वतःला खालचे कोर्ट म्हणत आलो.

नवी_सनद

सर्वांचे म्हणणे दोनदा वाचले. मी तालुक्याच्या ठिकाणी एका ज्येष्ठ वकीलबाईंकडे काम सुरू करायचे ठरवले आहे. त्या दरमहा थोडे मानधन देणार आहेत. सर, या तीन वर्षांत परीक्षेच्या अभ्यासाखेरीज मी रोज काय करावे, असे एखादेच काम सांगाल का?

माळढोक

आठवड्यातून एक दिवस, स्वतःचे काम नसलेल्या प्रकरणात, पुराव्याच्या वेळी शेवटच्या बाकावर बसा. वहीत साक्षीदाराचे उत्तर त्याच्या शब्दांत लिहा, वकिलाचा प्रश्नही लिहा. संध्याकाळी तुमच्या वकीलबाईंच्या ओळखीने त्या प्रकरणातल्या वकिलांकडून जबाबाची प्रत पाहायला मागा आणि वही तिच्याशेजारी ठेवा. फरक दिसेल तिथे लाल रेघ ओढा आणि तो फरक कुणाच्या बाजूला झुकतो ते समासात लिहून ठेवा. पहिले सहा महिने तुमचीच वही अधिक चुकलेली निघेल, कारण ऐकता ऐकता लिहिण्याची सवय हाताला नसते. वही फेकू नका. माझी १९८५ सालची वही माझ्याकडे आहे. भाचीला दिली आहे, ती परत आली की तिची काही पाने इथे टंकून टाकतो, नावे वगळून.